मागच्या फाटकाजवळची खोली

पहिला फोन सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आला. आकांक्षाने रिसेप्शनच्या वहीत वेळ लिहिली. फेब्रुवारीपासून प्रत्येक फोनची वेळ लिहायची, असा लॉजमालक भैय्याजींचा हुकूम होता.

"खालची खोली पायजे होती, ताई," पलीकडचा माणूस म्हणाला. "मागच्या फाटकाजवळची. दोन नंबर."

आकांक्षाचे पेन थांबले. लोक खोली मागतात तेव्हा एसी आहे का विचारतात, गरम पाणी किती वाजेपर्यंत असते ते विचारतात. नंबर सांगून खोली कोणी मागत नाही.

"कोणासाठी?"

"मामासाठी. त्याईले जिना चढता येत नाई. बुधवारी दुपारी येतीन, शुक्रवारी सकाळी जातीन. गुरुवारी तुमच्या मागच्या कार्यालयात माह्या बहिणीचं लगन हाये. गाडी फाटकातून थेट खोलीच्या दारापाशी लागते ना?"

"लागते."

"खोलीत फ्रीज हाये का?"

"नाही."

"मंग आमीच एक छोटा आणून ठेवतो. बर्फ मिळन?"

आकांक्षाने वहीत लिहिले: फ्रीज. बर्फ.

"आणि साफसफाईवाल्या बाईले दोन दिवस आत पाठवू नोका. उद्या एक मोठा खोका येईन, तो खोलीत ठेवून द्या. उघडू नोका फक्त."

तिने तेही लिहिले. नाव विचारले. आदेश, राहणार बोरगाव मेघे, काम एका कृषी केंद्रात. मामांची गाडी यवतमाळहून येणार होती. "मालकांना विचारून सांगते," म्हणून तिने फोन ठेवला.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. यवतमाळ जिल्ह्यात नाही. वर्ध्यातल्या लॉजवाल्यांची लग्नसराई या दोन वाक्यांच्या मधून जाते. बाहेरून आलेल्या प्रत्येक वऱ्हाडात चार-पाच जण असे असतातच, ज्यांना मांडवातल्या सरबतावर लग्न झाल्यासारखे वाटत नाही. त्यांना एक खोली लागते. ती तळमजल्यावर हवी, मागच्या बाजूला हवी, गाडी दाराशी लागली पाहिजे, बर्फ पाहिजे आणि आत कोणी यायला नको.

भैय्याजींच्या लॉजमध्ये अशी एकच खोली होती. समोर त्यांचे हार्डवेअरचे दुकान, बाजूला पाच पायऱ्या चढून रिसेप्शन, बाकी सगळ्या खोल्या वरच्या दोन मजल्यांवर. लिफ्ट नाही. दोन नंबर तेवढी तळमजल्यावर, मागच्या गल्लीच्या तोंडाशी. पूर्वी तिथे लोखंडी सळया ठेवत, म्हणून हातगाडीसाठी दारापर्यंत सिमेंटचा उतार केलेला. गल्ली ओलांडली की मंगल कार्यालयाचे बाजूचे दार.

फेब्रुवारीत अमरावतीकडच्या एका वऱ्हाडाने हीच खोली मागितली होती. आजोबांना जिना चढवत नाही, असे फोनवर सांगितले होते. आकांक्षाने खोली दिली. आजोबा आले नाहीत. अकरा खोके आले. दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस आले आणि भैय्याजी संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या बाकावर बसून राहिले. पेपरमध्ये त्यांचे नाव आले, वडिलांच्या नावासकट. त्या दिवसापासून दोन नंबरला कुलूप होते आणि चावी भैय्याजींच्या शर्टाच्या खिशात. आकांक्षाला त्यांनी एवढेच सांगितले होते, "आणखीन एकदा असं झालं, तर या खुर्चीवर दुसरी पोट्टी बसन."

दुपारी भैय्याजी दुकानातून आले तेव्हा तिने वही वाचून दाखवली. ते एकेक बोट मोडत ऐकत होते.

"फ्रीज, बर्फ, बंद खोका, यवतमाळची गाडी, बाई आत नोको," ते म्हणाले. "फक्त ग्लासच सांगाचे राह्यले."

"मामा असन पण खरंच, भैय्याजी."

"फेब्रुवारीत आजोबा होता. आता मामा हाये. पुढच्या लगनात काका येईन. हे पाहा, सगळ्याईचेच गुडघे माह्याच लॉजात येऊन दुखतेत."

तिने आदेशला फोन करून खोली मिळणार नाही म्हणून सांगितले. कारण विचारले तेव्हा तिने फोन ठेवला.

आदेश चार वाजता स्वतःच आला. तिशीचा, शर्टाच्या खिशाला कृषी केंद्राचे पेन, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दवाखान्याची कागदपत्रे. पाच पायऱ्या तो मोजल्यासारखा एकेक करून चढला. भैय्याजी काउंटरशीच होते.

"सरळ सांगा ना," आदेश म्हणाला, "लकव्याचा माणूस नोको म्हणून. लॉजात काही झालं त कटकट नोको, हेच ना?"

"मी कायले असं म्हणू?"

"मंग खोली रिकामी हाये आणि देत काऊन नाई? हे पाहा, डिस्चार्ज कार्ड. हे स्कॅनचं."

"कागद नोको दाखवू भाऊ. फेब्रुवारीत बी कागद होता. हाडाच्या डॉक्टरचा. झेरॉक्स."

आदेशला फेब्रुवारीचे काही ठाऊक नव्हते. भैय्याजींनी दोन वाक्यांत सांगितले. आदेश आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. आपण फोनवर काय काय मागितले ते त्याला आठवत असावे.

"फ्रीज इन्सुलिनसाठी हाये," तो म्हणाला. "बर्फ खांद्यासाठी. उजवा खांदा सुजते त्यांचा, शेकाले लागते."

"आणि खोका?"

आदेशने आकांक्षाकडे पाहिले, पुन्हा भैय्याजींकडे. "ते मी सांगत नाई. मामाले आवडणार नाई."

"घ्या!" भैय्याजी म्हणाले.

"घरी काऊन नाई ठेवत त्यांना?" आकांक्षाने विचारले.

आदेशने काउंटरवर दोन्ही हात ठेवले. घरात बावीस पाहुणे होते आणि संडास अंगणात, तीन पायऱ्यांवर. पण मूळ गोष्ट वेगळी होती. मंगलाष्टकांच्या आधी भटजी मामाला हाक मारतात आणि मामा नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणतो. आदेशच्या बहिणीला, सुरभीला, एकच मामा. लक्ष्मणराव. यवतमाळ आगारात तीस वर्षे कंडक्टर. मामी तीन वर्षांपूर्वी गेल्या. आठ महिन्यांपूर्वी लक्ष्मणरावांना लकवा आला, उजवी बाजू गेली. कार्यालयात नवरीची खोली वरच्या मजल्यावर, तिथे त्यांना नेता येत नाही. म्हणून असे ठरले होते, की सुरभीच नवरीच्या वेशात दोन नंबरमध्ये येऊन बसेल आणि तिथून मामा तिला चाकाच्या खुर्चीवरून घेऊन निघतील. गल्ली ओलांडली की मांडव.

"तिनं सांगून ठेवलं," आदेश म्हणाला, "मामा नाई त मी उठत नाई. आणि मामानं तिकडून सांगतलं, मले तमाशा करून उचलून नेसान त मी येतच नाई. आता तुमीच सांगा, मी कोणाकोणाले समजावू?"

भैय्याजींनी मान हलवली नाही. "फोन लाव मामाले," ते म्हणाले. "स्पीकरवर."

फोन काउंटरवर ठेवला गेला. पलीकडून लक्ष्मणरावांचा आवाज आला. शब्द एकमेकांत मिसळलेले, मधेच लांबलेले, शेवट गिळलेला. आदेश म्हणाला, "मामा, लॉजवाले बोलून राह्यले." पुन्हा तसेच काही आले, मोठ्याने, ओघळत.

भैय्याजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सव्वाचार. "आतापासूनच?" ते म्हणाले.

आदेशने झटकन फोन उचलून छातीशी धरला. त्याचे कान लाल झाले होते. "तोंड वाकडं झालं हाये त्यांचं, भैय्याजी. कंडक्टर होता तो माणूस. एका आवाजात सगळी गाडी मागं सरकाची."

आकांक्षाने मात्र दुसऱ्या वेळी ऐकले होते. तेच वाक्य त्यांनी दोनदा म्हटले होते, म्हणून ते तिला उमगले. ते म्हणत होते, "त्याईले तरास नोको देऊ."

पिऊन बसलेला माणूस असे म्हणत नाही, असे तिला वाटले. पण फेब्रुवारीतही तिला बरेच काही वाटले होते.

"भैय्याजी," ती म्हणाली, "सगळं सामान गल्लीतच उघडून पाहू. मी पाह्यते स्वतः. काही निघालं तर गाडी तिथूनच वापस."

"आणि तू बी त्याच गाडीत," भैय्याजी म्हणाले. थोडा वेळ त्यांनी खिशावरून हात फिरवला. "लिहून ठेव वहीत. तुह्याच अक्षरात."

तिने लिहिले.

मंगळवारी खोका आला. भैय्याजींनी तो हलवून पाहिला, कान लावला. आत काहीतरी लोखंडी वाजले. त्यांनी तो काउंटरशेजारी ठेवला आणि जाता-येता त्याच्याकडे पाहत राहिले. संध्याकाळी त्यांनी आपली स्कूटर मागच्या गल्लीत नेऊन सिमेंटच्या उतारावर आडवी लावली. कोणाची गाडी आपल्याला न विचारता दाराशी लागू नये म्हणून.

बुधवारी दुपारी दोन पस्तीसला पांढरी गाडी गल्लीत शिरली आणि स्कूटरपाशी थांबली. गाडी लक्ष्मणरावांचा मुलगा निकेश चालवत होता. पंचविशीचा, डोळ्यांखाली काळे. लक्ष्मणराव पुढच्या सीटवर. स्वच्छ पांढरा शर्ट, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या, उजवा हात मांडीवर उताणा ठेवलेला. आदेश आधीच येऊन उभा होता.

"पहिले सामान," भैय्याजी म्हणाले.

"बाबा एक तासापासून बसून हायेत," निकेश म्हणाला. "त्याईले आत त घेऊ द्या."

"पहिले सामान."

आकांक्षाने कपड्यांची बॅग पाहिली. छोटा फ्रीज उघडून पाहिला, रिकामा. घडीची चाकाची खुर्ची उलगडून पाहिली. मग भैय्याजींनी खोका आणला आणि स्वतः चाकूने पट्टी कापली.

आतून कमोडची खुर्ची निघाली. पांढरी, लोखंडी पायांची, मधे भोक असलेली, खाली निळे भांडे. भैय्याजींनी ती बाहेर काढली तेव्हा भांडे निसटून गल्लीत गडगडत गेले. कार्यालयाच्या बाजूच्या दारात चार बाया वांगी चिरत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. लक्ष्मणराव दुसऱ्या बाजूच्या काचेतून भिंतीकडे पाहू लागले.

आदेश धावत जाऊन भांडे घेऊन आला. "झालं समाधान?" तो म्हणाला.

 भैय्याजींनी खुर्ची आकांक्षाच्या हातात दिली, हात पँटला पुसले आणि मग म्हणाले, "तो निळा डबा राह्यला."

निळा डबा म्हणजे मागच्या सीटवरची बर्फाची पेटी. आकांक्षा आत वाकली. वर बर्फाच्या चार पिशव्या, त्याखाली इन्सुलिनची पेने, त्याखाली घडी केलेला टॉवेल. तिने टॉवेलवर हात ठेवला आणि टॉवेलच्या आत काच लागली. गोल, जाड, मानेकडे निमुळती.

ती वाकलेलीच राहिली. भैय्याजी चार पावलांवर होते, आदेश खोक्यात भांडे कोंबत होता. तिने मान वळवली तेव्हा गाडीच्या दाराशी निकेश उभा होता. त्याने अगदी थोडी मान हलवली. नाही.

तिला फक्त हात बाहेर काढायचा होता आणि औषध आहे म्हणायचे होते. लक्ष्मणराव आत गेले असते, उद्या सुरभी आली असती. आणि बाटली दोन नंबरमध्ये गेली असती, तिच्या अक्षरातल्या ओळीखाली.

"औषध…" ती म्हणाली.

पुढच्या सीटवरून आवाज आला. लक्ष्मणराव आरशातून मागे पाहत होते. ते काहीतरी म्हणाले. कोणाला कळले नाही. त्यांनी डावा तळवा डॅशबोर्डवर आपटला आणि पुन्हा म्हणाले. आकांक्षाला कळले. ते "काढ" म्हणत होते.

तिने टॉवेल बाहेर काढला. त्यातून बाटली निघाली. भरलेली, एकच.

"हे पाहा!" भैय्याजींचा आवाज चढला, मग वांगी चिरणाऱ्या बायांकडे पाहून एकदम खाली आला. "हे पाहा मामा. आदेशभाऊ, हे इन्सुलिन हाये का? गाडी पलटवा. आत्ताच्या आत्ता."

आदेश निकेशकडे गेला. "काऊन बे? मी इकडं पाया पडून राह्यलो आणि तू…"

"एकच हाये," निकेश म्हणाला. तो कोणाकडेच पाहत नव्हता. "खोलीत कोणाले बोलावणार नवतो. बाबा झोपल्यावर… आठ महिने झाले आदेशदा, मी घराच्या बाहेर झोपलो नाई. त्यांले उठवाचं, धुवाचं, निजवाचं. मले एक लगन त करू द्या."

 

लक्ष्मणरावांनी डावा हात खिडकीबाहेर काढला होता. तो आकांक्षाकडे होता, तळवा वर. तिने भैय्याजींकडे पाहिले आणि बाटली त्या हातात दिली.

त्यांनी बाटली दोन गुडघ्यांमध्ये धरायचा प्रयत्न केला. उजवा गुडघा धरत नव्हता, बाटली आडवी झाली. मग त्यांनी ती मांडी आणि गाडीचे दार यांच्या फटीत रोवली आणि डाव्या हाताने झाकण पिळू लागले. झाकण पक्के होते. निकेश पुढे आला. "द्या बाबा, मी उघडतो." लक्ष्मणरावांनी मान हलवली. हात निसटला, त्यांनी तो शर्टाला पुसला, पुन्हा पिळले. वांगी चिरणे थांबले होते. चौथ्या का पाचव्या वेळी सील तुटल्याचा आवाज आला.

त्यांनी दार ढकलले, बाटली बाहेर धरली आणि गाडीच्या कडेच्या नालीत उपडी केली. बाटली पूर्ण रिकामी होईपर्यंत हात तसाच धरून ठेवला. 

वास गल्लीभर झाला. आणि भैय्याजी पहिल्यांदाच घाबरले. "अरे पाणी! आकांक्षा, पाणी टाक! रस्त्यानं कोणी गेलं त म्हणन इथं भट्टीच लावली!"

आकांक्षाने दोन बादल्या ओतल्या. तिसरी आदेशने ओतली. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

लक्ष्मणराव भैय्याजींकडे पाहत होते. त्यांनी एकेक शब्द वेगळा करून, प्रत्येकानंतर श्वास घेत म्हटले, "चावी. मले. द्या." मग डाव्या हाताचे बोट निकेशकडे केले. "याले. नाई."

या वेळी कोणाला विचारावे लागले नाही. भैय्याजींनी खिशातून चावी काढली, तिच्याकडे पाहिले. त्यांना अजूनही हे सगळे आधी ठरवून केलेले नाटक वाटत असावे. एक बाटली दाखवायची, बाकीच्या मागून आणायच्या. त्यांनी गाडीची डिकी पुन्हा एकदा उघडली, स्टेपनीखाली हात घातला. काही निघाले नाही. मग त्यांनी चावी आकांक्षाला दिली. "तुह्या जबाबदारीवर," ते म्हणाले. "वहीत आहेच."

तिने ती लक्ष्मणरावांच्या डाव्या हातात ठेवली. त्यांनी मूठ मिटली.

गुरुवारी मुहूर्त अकरा बेचाळीसचा होता. आकांक्षा अकरा वीसला मागे गेली. दोन नंबरचे दार उघडे होते. आत सुरभी पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून खाटेच्या कडेला बसली होती आणि मामांच्या टोपीची कड सरळ करत होती. चावी लक्ष्मणरावांच्या गळ्यात सुतळीला बांधलेली होती. निकेश आंघोळ करून, नवा शर्ट घालून खुर्चीमागे उभा. त्याचे डोळे कालच्यापेक्षा बरे दिसत होते.

सकाळी निकेशने गाडी दारापासून हलवल्यावर भैय्याजींनी स्कूटर पुन्हा उतारावर आडवी लावली होती.

कार्यालयाच्या भोंग्यातून भटजींचा आवाज आला, "मामांनी मुलीला घेऊन यावं." निकेशने खुर्ची बाहेर काढली आणि स्कूटरपाशी थांबला. स्कूटरला हँडल लॉक होते. आदेश कार्यालयाच्या दारातून हात हलवत होता. आकांक्षा धावत दुकानात गेली. भैय्याजी एका गिऱ्हाइकाला बिजागऱ्या दाखवत होते.

"स्कूटर, भैय्याजी! मुहूर्त होऊन राह्यला."

ते आले, पण धावत नाही. आधी त्यांनी खुर्चीच्या मागे लटकलेली पिशवी उघडली. नॅपकिन, गोळ्यांची पट्टी, पाण्याची बाटली. त्यांनी बाटलीचे झाकण काढून वास घेतला.

"झालं का?" सुरभी म्हणाली. "का माह्या मुंडावळ्याईचा बी वास घेता?"

भोंगा दुसऱ्यांदा म्हणाला, "मामा… मुलीला आणा, वेळ होते आहे."

भैय्याजींनी झाकण लावले, बाटली पिशवीत ठेवली, पिशवीचा बंद बांधला. मग स्कूटरचे कुलूप काढून ती भिंतीला लावली. लक्ष्मणरावांनी डावा हात वर केला, सुरभीने तो धरला. निकेशने खुर्ची उतारावरून सावकाश खाली आणली. नालीवरच्या फरशीच्या कडेला पुढचे चाक अडकले. निकेशने मागून रेटले, ते हलेना. भैय्याजी वाकले, दोन्ही हातांनी चाक उचलून फरशीवर ठेवले आणि हात झटकत मागे सरले.

ते तिघे गल्ली ओलांडून बाजूच्या दारातून आत गेले. क्षणभराने भोंगा खरखरला आणि मंगलाष्टके सुरू झाली.

भैय्याजी दोन नंबरच्या दारात उभे राहिले. आत गेले नाहीत. तिथूनच फ्रीजकडे, खाटेखाली, कोपऱ्यात पांढऱ्या चादरीने झाकलेल्या खुर्चीकडे पाहिले. मग नालीकडे वळले.

"आणखीन एक बादली टाक," ते आकांक्षाला म्हणाले. "वास येऊन राह्यला."

वास येत नव्हता. आकांक्षाने बादली भरली आणि ओतली. मग समोर जाऊन खुर्चीवर बसली आणि वही उघडून वेळ लिहिली. अकरा त्रेचाळीस.